पालनपूरच्या गठ्ठ्यातली फाईल

“बगा साहेब, तुमीच बगा. ह्यो जवला हाय का चुलीतला कोलसा?”

जनी कोळिणीनं फडक्याची गाठ सोडून मूठभर सुका जवळा बद्रुद्दीनच्या टेबलावर ओतला. नखाएवढी बारीक कोळंबी ती. उन्हात वाळली की गुलाबीसर दिसायला हवी. ही करडी होती आणि बोट लावलं की बोट काळं होत होतं.

“व्यापारी म्हनतो, कोंबड्यांच्या खान्याच्या भावानं देत असशील तर दे.”

“मंजुरी आलीय, जनीबाई. मार्चमध्येच आली. पैसे तेवढे यायचेत.”

“ह्यो मार्च जाऊन दुसरा येल आता,” ती म्हणाली आणि जवळा तिथंच टाकून निघून गेली.

बद्रुद्दीन दळवी पनवेलच्या नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होता. गटारं, मटणाचे गाळे, देवीची लस ही त्याची कामं. कोळीवाड्याच्या अलीकडं वेलजी शेठची भातगिरण होती. भाताचं तूसच तिच्या बॉयलरमध्ये जळायचं आणि बुटक्या चिमणीतून निघालेली राख दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत खाडीकाठच्या वाळवणावर उतरायची. नेमका तोच जवळ्याचा हंगाम.

दोन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्न साली, दिल्लीहून निघालेलं एक परिपत्रक मुंबईमार्गे नगरपालिकेत आलं होतं. कारखान्यांचा धूर कमी करायला केंद्र सरकार राज्यांना अनुदान देणार. निम्मा खर्च मालकाचा, निम्मा सरकारचा. असली परिपत्रकं कपाटात जात. हे बद्रुद्दीननं वाचलं आणि तडक गिरणीत गेला.

“सरकार निम्मं घालत असेल तर मी चिमणी उंच करतो, राख अडवायची पेटीही बसवतो,” वेलजी शेठ म्हणाले होते. “एकट्यानं नाही करणार. बाकीचे गिरणीवाले मला वेड्यात काढतील.”

मग बद्रुद्दीननं सहा घरांच्या छपरांवर कल्हईच्या पराती ठेवल्या. आख्खा हिवाळा तो रोज सकाळी शिडी घेऊन फिरला. परातीतली राख कागदात बांधायची, सोनाराच्या तराजूवर तोलायची, वारा कुठून होता ते लिहायचं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या तक्त्यांसकट त्यानं अनुदानाचा प्रस्ताव मुंबईला धाडला. साठ साली मार्चमध्ये पत्र आलं: प्रस्ताव तत्त्वतः मंजूर. त्या दिवशी त्यानं ऑफिसात पेढे वाटले. महिना-दीड महिन्यात, एक मे रोजी, मुंबई राज्याची दोन राज्यं झाली.

जनी गेल्यावर त्यानं टेबल पुसलं आणि दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली.

सचिवालयात, अनुदानाच्या खात्यातल्या कारकुनानं तीन रजिस्टरं चाळली. “फाईल गेली.”

“कुठं?”

“अहमदाबादला. गुजरातच्या फायलींचे गठ्ठे बांधले तेव्हा यादीत गावाचं नाव नुसतं ‘प’ एवढंच लिहिलं होतं. बांधणाऱ्याला वाटलं पालनपूर. तुमचं पनवेल पालनपूरच्या गठ्ठ्यात गेलं.”

“माझ्याकडं सगळ्याची प्रत आहे. मंजुरीचं पत्रही आहे.”

“प्रत चालत नाही हो. सहीचा मूळ कागद लागतो.”

“मग मागवून घ्या.”

“तुम्ही लिहा, मग आम्ही लिहू.”

बद्रुद्दीननं लिहिलं. मुंबईनं लिहिलं की नाही, ते कळलं नाही. म्हणून त्यानं थेट अहमदाबादला लिहिलं. तिकडून उत्तर आलं, पनवेल हे गाव या राज्याच्या हद्दीत येत नाही. ते उत्तर त्यानं मुंबईला धाडलं. मुंबईनं कळवलं की मूळ फाईल मिळाल्याशिवाय पुढची कार्यवाही करता येत नाही. टपालाचा शिपाई त्याच्या टेबलापाशी आला की बाकीचे कारकून माना वर करून बघू लागले.

जानेवारीत त्यानं आठ दिवसांची रजा टाकली.

“दोन सरकारांनी हरवलेली फाईल आणायला तुम्ही जाणार?” फरिदा, त्याची बायको, म्हणाली. “कुणी हुकूम दिलाय?”

“कुणी नाही.”

“मग तुम्हालाच काय एवढी फिकीर?”

तो पिशवीत कपडे भरत राहिला. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या भरून तिनं डबा दाराशी आणून ठेवला.

अहमदाबादच्या दफ्तरखान्यात रतिलालभाई नावाचे म्हातारे प्रमुख होते. त्यांनी बद्रुद्दीनची हकीकत ऐकली, कोट काढून खुंटीला लावला आणि दोघं मिळून गठ्ठे सोडू लागले. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रतिलालभाईंनी धुळीतून हाक मारली, “दळवीसाहब, मिल गई!”

तीच फाईल होती. त्याच्या अक्षरातले तक्ते, त्यावर टाचलेल्या राखेच्या पुड्या, खाली सचिवांची सही. बद्रुद्दीननं ती छातीशी धरली. रतिलालभाईंनी हलकेच ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“माफ करना भाई. फाईल एक सरकार से दूसरी सरकार को जाती है. आदमी के हाथ में नहीं दे सकता.”

“मैं उसी दफ्तर का आदमी हूँ, साहब. म्युनिसिपालिटी का.”

“मालूम है. मैं आज ही चिठ्ठी लिखता हूँ.”

त्यांनी खरोखर त्याच्यादेखत चिठ्ठी लिहिली, चहा पाजला, स्टेशनचा रस्ता दाखवायला फाटकापर्यंत आले. ती चिठ्ठी त्यांच्या साहेबाकडं गेली, तिथून त्यांच्या साहेबाकडं. अहमदाबादहून मुंबईला फाईल पोचायला दहा महिने लागले.

नोव्हेंबरात बोलावणं आलं, तेव्हा बद्रुद्दीन धुतलेला कोट घालून गेला. तोच कारकून, तेच टेबल. फाईल समोर होती.

“आली एकदाची तुमची फाईल,” कारकून म्हणाला. “पण योजना गेल्या मार्चमध्ये संपली.”

“मंजुरी त्याच्या आधीची आहे. एक वर्ष आधीची.”

“हो, पण जुन्या राज्याची. शिवाय वाटणीत धुराचं जे अनुदान शिल्लक होतं, ते तिकडं गेलं. कापडगिरण्या आहेत ना त्यांच्याकडं. आता तुम्ही नव्यानं प्रस्ताव करा. नवी योजना आली की घेऊ.”

“आणि धूर कुणाच्या वाटणीला आला?”

कारकुनाला तो विनोद वाटला. तो हसला, शेजारच्या टेबलावरच्याला त्यानं ते सांगितलं, तोही हसला. खूप मोठ्यानं काहीतरी बोलावं असं बद्रुद्दीनला वाटत होतं. पण ज्याच्यावर ओरडायचं असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. तो उठला आणि पनवेलला परत आला.

वेलजी शेठ चिडले नाहीत. “माझा वाटा दोन वर्षं बाजूला ठेवला होता मी, दळवी,” ते म्हणाले. “यंदा त्यातून भात सडायचा दुसरा हलर घेतला. भात खूप येतंय.” नव्या हलरचं तूस गिरणीमागं आत्ताच पुरुषभर उंच साठलं होतं.

आता जनीला सांगायचं राहिलं होतं. चपराशाकडून निरोप धाडता आला असता. तो स्वतः कोळीवाड्यात गेला. वाटेत त्यानं तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीन वेळा मोडलं.

जनीच्या दारापुढं वाळवण नव्हतं. सारवलेली जमीन रिकामी होती. खाडीत एक होडी लागली होती आणि जनी आणि तिची सून शकू बांबूच्या चटया गुंडाळून होडीकडं नेत होत्या.

“गव्हान गावाला चाललो साहेब,” जनी म्हणाली. “भैनीच्या दारात जागा हाय. आता तितंच सुकवू.”

“रोज एवढ्या लांब?”

“भरतीला जायचं, भरतीला यायचं. काय करतां? माझी सासू हितंच सुकवायची. तिची सासू पन.”

बद्रुद्दीननं तोंड उघडलं. तेवढ्यात शकूच्या हातातली लांब चटई एका बाजूनं घसरली. त्यानं पुढं होऊन ते टोक धरलं.

“साहेब, राहू द्या. चिखल हाय.”

“चला तुम्ही.”

वहाणा काठावर काढून, ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरला. एकामागून एक चौदा चटया त्या तिघांनी होडीत रचल्या. फाईलचं काय झालं, हे जनीनं विचारलं नाही. शेवटची चटई ठेवल्यावर तिनं ओंजळभर पाणी घेऊन त्याच्या कोटाच्या बाहीवरचा चिखल धुतला आणि ती होडीत चढली.

पाणी चढत होतं. शकूनं वल्हं मारलं तरी होडी गाळातून सुटेना. बद्रुद्दीननं दोन्ही हात होडीच्या कडेला लावले आणि सगळा जोर लावून ती खाडीत ढकलली.