घरात कोणी आणलं

तापाचा विषाणू घरात कोण आणतं आणि मग तो कोणाकडून कोणाकडे जातो, यावर धाकटीच्या प्रयोगशाळेत संशोधन चालायचं. त्यासाठी नाकात काडी घालू देतील अशी घरं हवी होती. लोक दारातूनच हात जोडत, म्हणून धाकटीनं स्वतःचंच घर दिलं: बाबा, आई, दादा, वहिनी. नियम साधा होता. घसा नुसता खवखवला तरी प्रयोगशाळेत फोन करायचा.

हा नियम घरात एकट्या वहिनीनं पाळला. तिनं फोन केला, म्हणून पहिली रुग्ण ती ठरली. दादा आधीपासून खोकत होता, पण ती धुळीची ॲलर्जी होती. दादाला कधीच काही होत नसे; जे काही होई ते धुळीला होई. मग सगळेच तापानं झोपले. सगळे उठले, आई उठली नाही.

"पहिली कोण?" बाबांनी विचारलं. काड्या न्यायला आलेल्या माणसानं भाबडेपणानं सांगून टाकलं.

वहिनी पाळणाघरात कामाला, त्यामुळे तर प्रश्नच मिटला. "जगाच्या पोरांची नाकं पुसायची आणि त्याच हातांनी घरी स्वयंपाकाला लागायचं," बाबा म्हणाले. दादा काही म्हणाला नाही. न बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वहिनी माहेरी गेली. 'थोडे दिवस' गेली, असं सांगायची पद्धत पडली.

बऱ्याच महिन्यांनी निकाल आले. एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना विषाणूत बारीक बदल होतात, त्यावरून माग काढता येतो. वहिनीच्या विषाणूत एक बदल होता. तो आईच्या विषाणूत नव्हता. आईचा थेट दादाच्या विषाणूशी जुळत होता.

असले निकाल घरी सांगायचे नसतात. धाकटीनं सांगितले.

"बाबा, आईला दादाकडून झालं."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला.

"त्याला बोललीस?"

"अजून नाही."

"मग नको बोलूस. पोरगं खचेल."

"आणि वहिनी?"

"तिनं सोसलंय की आता. एकदा होऊन गेलं की पुन्हा तितका त्रास होत नाही, असं तूच सांगत असतेस ना?"

धाकटीच्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासाचा घरात झालेला हा पहिलाच उपयोग.

रविवारी दादा मोठ्या मनानं वहिनीला आणायला निघाला. धाकटीही गाडीत बसली. वहिनीची बॅग दाराशी भरून तयार होती.

"झालं गेलं विसरू," दादा म्हणाला. "माझ्या मनात काही नाही. बाबांनीही माफ केलंय."

"कशाबद्दल?" वहिनीनं विचारलं.

"आता ते कशाला उगाळायचं?"

"दादा," धाकटी म्हणाली, "आईला वहिनीकडून झालं नाही. तुझ्याकडून झालं."

दादानं आधी धाकटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के आमच्यात काहीच नसतं. बहुधा."

"बघ!" दादा वहिनीकडे वळला. "बहुधा म्हणतेय!"

"माझ्या वेळी कोणी बहुधा म्हणालं नव्हतं," वहिनी म्हणाली. "तू रात्रभर खोकत होतास. मी फोनवर सांगितलंसुद्धा, तर म्हणाले, नवऱ्याचं नवऱ्यानं कळवायचं. तू आणलंस याचं मला काही नाही रे. आजार काय, कोणीही आणतं. आई गेल्या म्हणून मी गप्प बसले. वाटलं, कधीतरी तू बोलशील."

दादा बोलला. "चल, उशीर होतोय," म्हणाला.

वहिनीनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

संध्याकाळी बाबा फोनवर आत्याला सांगत होते, "सून यायला तयार होती गं. बॅगसुद्धा भरली होती. आमच्याच पोरीनं तिथं जाऊन तोंड उघडलं. स्वतःचं घर स्वतः मोडलं." आत्यानं मावशीला सांगितलं, मावशीनं काकूला. हे कोणाकडून कोणाकडे गेलं, याचा माग धाकटीला काढावा लागला नाही. रात्रीपर्यंत सगळ्यांचे तिलाच फोन आले.