ओपानिन चेईचे बारा तुकडे

पैज माझ्याच बाकड्यावर लागली आणि पहिली कळ मीच काढली.

समोरचा एन्सिया मोबाईल दुरुस्त करतो आणि तोंड चालवतो. दुसरा धंदा जास्त जोरात आहे. आमचं आठ वर्षांचं वैर. त्याच्या टपरीवरचा भोंगा दिवसभर माझ्या गिऱ्हाइकांच्या कानात बोंबलतो, म्हणून एकदा मी त्या भोंग्यात सुक्या माशाचं डोकं ठेवलं होतं. नऊ दिवस वास शोधत फिरत होता बिचारा. नवव्या दिवशी त्याने स्वतःचे बूट जाळले.

तर त्या दुपारी हा पावाच्या लादीएवढे चार काळे डबे घेऊन आला आणि माझ्या फुफूच्या, म्हणजे कांडलेल्या कंदाच्या गोळ्यांच्या, वाडग्यांशेजारी मांडून बसला. म्हणे, आता आपल्या फायली परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या गोदामात नाही राहणार, आपल्या टाफोतल्या घराघरात राहणार. फाईलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कुलूप घालायचं, एकेक तुकडा एकेका डब्यात. ब्लॉकचेन म्हणतात याला. कुठला तुकडा कुठे आहे ती वही सगळ्या डब्यांत सारखीच, त्यामुळे कुणा एकट्याला खाडाखोड करता येत नाही. रोज हजेरी होणार. डब्याने ओ दिली की घरमालकाच्या मोबाईलला फुकट रिचार्ज, नाही दिली की दंड.

"टाफोतली वीज माझ्या नवऱ्यासारखी आहे," मी म्हटलं. "मनात आलं तर येते. तुझा डबा ओ देणार कसा, शिट्टी वाजवून?"

बाकडं हसलं. एन्सियाचे कान तापले. एक फाईल घेऊ, एक वर्ष ठेवू, असं तो म्हणाला. वर्षाने ती धड निघाली तर मी त्याचा डबा डोक्यावर घेऊन भर गर्दीत जेवण वाढायचं आणि प्रत्येक वाडग्याला मोठ्याने म्हणायचं, 'एन्सिया खरा, पोकुआ खोटी.' नाही निघाली तर त्याने माझं फुलाफुलांचं कापड कमरेला गुंडाळून चौकात फुफू कांडायचं. मी लगेच हात पुढे केला. त्याला त्या कापडात बघायला मी स्वतःच्या पैशाने भोंगा लावला असता.

आता फाईल कुठली? तो म्हणाला, तुझ्या बकऱ्याचा व्हिडिओ घेऊ, पाद्रीबुवांची टोपी खातानाचा.

"माझी घ्या," बाकड्याच्या टोकावरून दुफिये म्हणाली.

तिच्या अंगावर काळं होतं. बाप जाऊन अकरा दिवस झाले होते. बाप म्हणजे ओपानिन चेई, आमच्या गल्लीतलं सगळ्यात मानाचं म्हातारं; ओपानिन आम्ही वडीलधाऱ्यांनाच म्हणतो. मी बसते तो ओटा त्यांच्याच घराचा. आमच्यात बापाचं घर लेकीला जात नाही, बापाच्या बहिणीच्या पोराला जातं. लेकरू आईच्या कुळातलं, बापाच्या कुळातलं नाही. हे बदलायचं असेल तर माणसाने मरायच्या आधी शुद्धीवर असताना साक्षीदारांसमोर तोंडाने सांगून जायचं. चेईंनी तसं सांगितलं होतं: घर दुफियेचं. तिने ते मोबाईलवर टिपलं होतं. साक्षीदार दोन. एक आठवड्याभरातच चेईंच्या मागोमाग गेला. दुसरा कुळाचा म्होरक्या, ओपानिन बोआदू, त्याची आठवण हल्ली अंधुक झाली होती. चेईंचा भाचा त्वुमासी, ज्याला एरवी घर गेलं असतं, त्याला भेटून आला त्या दिवसापासून झाली होती. घराचं काय ते वर्षाच्या कार्याला बोलू, असं बोआदूने जाहीर केलं होतं.

मी म्हटलं, दुफिये, बकऱ्याचंच जाऊ दे. या माणसाला मी मोबाईलचं कव्हरसुद्धा बदलायला देत नाही.

"मोबाईल माझ्याकडे राहणार नाही, आंटी," ती म्हणाली. "काल त्वुमासी टेप घेऊन माझी खोली मोजून गेला. मी आत झोपले होते."

तिच्या मोबाईलमधून व्हिडिओ एन्सियाच्या यंत्रात गेला. बारा तुकडे झाले आणि पैज चोख व्हावी म्हणून यंत्रातली प्रत पुसली. बारांपैकी कुठलेही पाच जमले तरी म्हातारा पुन्हा अख्खा बोलणार होता. एन्सियाने आणखी आठ डबे मागवले आणि विचारलं, बारा डबे कुणाकुणाच्या घरी ठेवू? तिचा भरवसा कुणावर? पोरीने बापाचीच माणसं सांगितली. बापाचे सख्खे भाऊ, मावसभाऊ, भाचे, बारा घरं. बाबांची माणसं, बाबांचं बोलणं, म्हणाली. तिच्या आईकडचे सगळे लांब खेड्यात, तिथे विजेचा खांबसुद्धा नाही. आणि जवळच्या डब्यांना इंटरनेट कमी लागतं, म्हणून एन्सियालाही ते सोयीचं.

म्हणजे काय झालं ते बघा. ज्या कुळाला घर मिळणार, त्याच कुळाच्या बारा पुरुषांच्या उशाशी त्या घराची राखण. मी एन्सियाला गाढव म्हटलं. तो म्हणाला, आतलं कुणाला दिसत नाही, मग कुणाकडे ठेवलं काय फरक पडतो? बाई, तू रस्सा ढवळ.

तीन आठवड्यांत दुफियेचा मोबाईल गेला. खिडकीतून हात घालून कुणीतरी नेला. शेजारी मोबाईलहून महागडी इस्त्री होती, तिला हात लावला नाही.

आता पैज जिंकायची म्हणजे पोरीचं घर घालवायचं, हे मला कळत होतं. पण खरं सांगते, पहिले काही महिने मी ते डोक्यात येऊच दिलं नाही. एन्सियाचा माज बघून माझं जेवण उतरत नव्हतं. सुरुवातीला वीज सहा तास गेली की डबे मुके व्हायचे आणि मी चमचा वाजवून त्याला सांगायची. मग त्याने मोटरसायकलच्या जुन्या बॅटऱ्या जोडल्या. बारा डब्यांचे चाळीस झाले. लांबच्या शहरांत, आक्रात, तमालेत डबे गेले. पावसाळा संपता संपता नवीन प्रोग्रॅम आला: एखादा डबा तीन दिवस गप्प राहिला तर त्यातला तुकडा आपोआप दुसऱ्या डब्यात तयार व्हायचा. एन्सिया ते भोंग्यावरून दिवसातून चारदा सांगायचा, पाद्री प्रवचन करतो तसा.

मग मी माझं हत्यार काढलं. एका दुपारी बाकड्यावर चार पुरुष बसले होते. मी एकीच्या कानात, पण चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, तो डबा उशाशी ठेवला की त्याच्या गरमीने पुरुषाचं पाणी होतं. आक्रातल्या एका डॉक्टरने सांगितलं. त्याचाही डबा उशाशीच होता, बिचाऱ्याला आता बायको भाऊ म्हणते.

एवढंच. पुढचं मला काही करावं लागलं नाही. दोन दिवसांत अख्ख्या टाफोत पुरुष बायकांना डोळा चुकवत होते. मला वाटलं, डबे उकिरड्यावर जाणार. पण रिचार्ज कोण सोडतो? सात जणांनी डबे गुपचूप उचलले आणि बायकोच्या घरी नेऊन ठेवले; मला त्या बायकांनीच सांगितलं. आमच्याकडे बहुधा नवरा आपल्या आईच्या घरी राहतो, बायको आपल्या आईच्या. संध्याकाळी ती त्याचं जेवण पोहोचवते आणि परत जाते. डबा तिच्याकडे, पुरुषपण याच्याकडे, रिचार्ज दोघांत. हजेरी एकही दिवस चुकली नाही. एन्सिया माझ्याकडे बघून दात काढायचा. मी हरले म्हणून सूपात मीठ जास्त टाकलं आणि त्यालाच वाढलं.

वर्ष भरत आलं तसा त्याच्या तोंडाला फेस आला. कार्याच्या आदल्या आठवड्यात त्याने भोंग्यावरून जाहिरात केली: ओपानिन चेईंचा अखेरचा शब्द, त्यांच्याच बारा नातलगांच्या डब्यांत, वर्षभर सुखरूप. नावांसकट. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

माशाचं डोकं मी त्या भोंग्यात नाही, त्याच्या घशात घालायला हवं होतं.

कार्याच्या दिवशी सकाळी सातला त्वुमासी माझ्याकडे जेवायला आला. काळ्यापांढऱ्या कोऱ्या कापडात, अंगाला अत्तर. दोन गोळे फुफू आणि बकऱ्याचं मटण मागितलं. आजचा शनिवार संपला की हा ओटा मोकळा करून दे, म्हणाला, इथे गाड्या धुवायची जागा करतोय. मी विचारलं, दुफिये? तो बोटं चाटत म्हणाला, ती तिच्या आईच्या गावाला जाईल, तिथे शुद्ध हवा आहे.

"आणि व्हिडिओ?"

"कुठला व्हिडिओ?" तो हसला. "हळूहळू बंद केले तर तुकडे दुसरीकडे पळतात, हे तुझ्या एन्सियानेच भोंग्यावर शिकवलं. म्हणून सगळे आज. बारा घरी जाऊन आलो. कुळाचं काम आहे म्हटलं, बाराही जण हो म्हणाले."

मी त्याच्या वाडग्यात आणखी रस्सा ओतला, त्याला बसतं ठेवायला. डोक्यात हिशोब चालू होता. बारा जण हो म्हणाले. पण सात डबे त्यांच्या घरात नाहीतच. लाजेपायी एकानेही त्वुमासीला ते सांगितलं नसणार. आतापर्यंत सात बायकांचे फोन वाजले असणार, ती तार काढ म्हणून. का काढायची ते कुठला नवरा सांगतो?

गप्प बसले असते तर दुपारी एन्सिया माझ्या फुलाफुलांच्या कापडात उभा असता. मी कापड धुऊन, घडी करून ठेवलंही होतं.

पातेलं तसंच झाकून मी निघाले. पहिलं घर आजेवाचं. ती मणी विकते, आणि तिच्या जिभेला गल्लीतली कुत्रीसुद्धा वळसा घालून जातात. डबा भिंतीला होता, तार तिच्या हातात.

"काढू नकोस," मी दारातूनच म्हटलं.

"का? तो म्हणतो कुळाचं काम आहे."

"त्याच्या कुळाचं. तुझं त्यात काय? आत चेई आहे. दुफियेला घर देतोय."

आजेवाने तार पुन्हा आत खोचली आणि तिच्या आड एक स्टूल लावलं.

"माझा बाप गेला तेव्हा सूर्य बुडायच्या आत आईची खाट रस्त्यावर होती," ती म्हणाली. "माझी आत्या खाटेवर बसून केळं खात होती. तू पुढच्या घरी जा. इकडच्या दोघींना मी फोन करते. आणि माझ्या त्याला सांग, आज जेवण आईच्या हातचं खा."

दोघींनी ऐकलं नाही. एकीने माझ्या तोंडावर दार लावलं, नवऱ्याच्या कुळात भांडण नको म्हणाली. उरल्या पाच. लागत होते पाच.

दुपारी मंडपाखाली गाव जमलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काळीपांढरी कापडं, ढोल. जेवणाचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे मी पातेल्याशी उभी. बोआदू मधल्या खुर्चीवर, त्वुमासी त्याच्या उजव्या हाताला. बोआदूने घसा साफ केला आणि म्हणाला, चेईंनी घराबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही, कुणाकडे काही असेल तर दाखवा.

एन्सियाने पडद्याशी यंत्र जोडलं. दुफिये त्याच्या मागे उभी होती. पडद्यावर बारा चौकोन आले. एक हिरवा झाला. दोन. मग तीन आणि चार एकदम. बाकीचे राखाडी.

तसंच थांबलं. एन्सियाच्या कपाळावरून घाम यंत्रावर पडत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता, आणि मला त्यात जराही मजा येत नव्हती. त्वुमासी पाय लांब करून बसला. खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचे पाय राहिले वाटतं. लोक हसले.

मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. तिसऱ्या खुर्चीवरच्या फ्रेमाच्या अंगावरचं कापड कडक इस्त्रीचं होतं, घडी सुरीसारखी. विजेचा एकच प्लग आहे तिच्या घरी. मी पळी घेऊनच तिच्याकडे गेले.

"इस्त्री कुठे लावलीस?"

तिचा हात तोंडावर गेला. डब्याची तार काढून इस्त्री लावली होती, आणि तशीच आली होती; डब्याची जुनी बॅटरी कधीच मेली होती. तिने घरी सासूबाईंना नाही, आईला फोन केला. म्हातारीला कुठली तार कुठे हे सांगण्यात जी पाच मिनिटं गेली त्यात बोआदूने दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आजेवाने त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला, पी म्हणून, आणि मानाच्या माणसाला पाणी नाकारता येईना.

पाचवा चौकोन हिरवा झाला.

चेई पडद्यावर आले. उशीला टेकलेले, आवाज खरखरीत पण शब्द स्वच्छ. "घर दुफियेचं. त्वुमासीला मी दोन गाड्या दिल्या, एक त्याने विकली, एक ठोकली. त्याला अजून काही देऊ नका." आणि खाटेच्या बाजूला, हातात निळा पेला घेऊन, बोआदू. म्हातारा विचारतो, ऐकलंस ना? आणि पडद्यावरचा बोआदू म्हणतो, ऐकलं, सगळ्यांसमोर ऐकलं.

मंडपातल्या बोआदूने पाण्याचा पेला स्वतःच मागून रिकामा केला. अखेर म्हणाला की आता त्याला आठवतंय. घर दुफियेचं. दुफियेने रडायला सुरुवात केली आणि तिच्या मागून, अर्थातच, एन्सियाने भाषणाला.

त्याला मी बोलू दिलं नाही. भाषणापेक्षा पैज फेडलेली बरी. मी म्हटलं, आण तो डबा. त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. गरम होता, वायर कानाशी लोंबत होती. चारशे माणसांसमोर मी पहिला वाडगा भरला आणि ओरडले, "एन्सिया खरा, पोकुआ खोटी." भोंग्याची गरज पडली नाही. पोरंटोरं मागे लागली, ढोलवाल्यांनी ठेका धरला. एन्सिया खुर्चीवर चढून नाचत होता. दुसऱ्या वाडग्याला मी त्याच्या पायावर जरासा रस्सा सांडला, चुकून.

त्वुमासी मंडपाच्या मागच्या बाजूने निघायला बघत होता. त्याच्यासाठी मी रांग मोडली. सगळ्यात मोठा वाडगा घेतला, हाडाचा तुकडा वर ठेवला, डबा सांभाळत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हटलं, "एन्सिया खरा, पोकुआ खोटी. धर, गरम आहे."

सगळे बघत होते. त्याने दोन्ही हातांनी वाडगा घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला.