कोटवाल्यांची चौकशी

कोटवाले सख्ख्या भावाला कोट भाड्यानं देतानाही अनामत घेत, आणि त्यानं दिलेला फोन नंबर त्याच्यासमोरच लावून बघत. भावाच्या खिशात फोन वाजला की मगच कोट हँगरवरून खाली यायचा. त्या भावानं पुढची सगळी लग्नं स्वेटर घालून उरकली, ती गोष्ट वेगळी.

माणूस मुळात वाईट नव्हता, धंदाच तसा होता. भाड्यानं कोट न्यायला येतं कोण? मुलाखतीला निघालेले बेकार, लग्नातले गरीब मामा आणि फोटोपुरते साहेब. उभा जन्म हे बघण्यात गेल्यावर कोटवाल्यांचं मत झालं होतं की जगात जे जे चकाचक दिसतं ते संध्याकाळी कुणाला तरी परत करायचं असतं. भाजीवाला गोड बोलला तर ते पिशवी उलटी करून बघत. डॉक्टरांनी काही झालेलं नाही म्हणून सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

अशा माणसाच्या दुकानात बरकत होती ती मुलीमुळे. तिला घरात आणि बाजारात सगळे टाचणी म्हणत. एक तर तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून ती बोलायला लागली की त्या आत होत्या तेच बरं होतं असं वाटे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिनं त्याचा खांदा, छाती, हाताची लांबी नजरेनंच मापलेली असे. एक खांदा उतरता असला तर न बोलता त्या बाजूला आत कापसाची पट्टी घालून द्यायची. माणूस आरशासमोर सरळ दिसायचा आणि त्याला कारण कळायचं नाही. गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायची. ती नसली तर म्हणायची, "मग नंतर येतो."

तिची शाळा संपली आणि घरात कॉलेजचं वारं शिरलं. गावाबाहेर काचेच्या इमारतीचं एक मोठं खाजगी कॉलेज होतं. तिथून रोज फोन यायचा. फोनवरची बाई इतकी आपुलकीनं बोलायची की कोटवाल्यांना पहिल्याच दिवशी पाणी कुठं तरी मुरतंय अशी शंका आली. डेटा सायन्स नावाचा कोर्स, शेवटी शंभर टक्के नोकरी. फी मात्र अशी होती की दुकानाचा गाळा बँकेकडे गहाण टाकावा लागला असता.

"नाकापेक्षा मोती जड," कोटवाले म्हणाले.

"नोकरी लागली की सोडवू की गाळा," टाचणीची आई म्हणाली. "सगळं जग शिकतंय. आपली काय जन्मभर लोकांच्या काखेतला घाम धूत बसणार?"

टाचणीनं फक्त फोन उचलणं सोडलं नाही.

आणि अशात एके सकाळी दुकानासमोरच्या चौकात त्याच कॉलेजचं होर्डिंग लागलं. त्यावर हाताची घडी घालून हसणारी एक तरुणी, अंगात राखाडी कोट. शेजारी लिहिलं होतं, 'ही आज नोकरीत आहे. उद्या तुम्ही?' कोटवाले शटर अर्धं वर करून थबकले. मग रस्ता ओलांडून होर्डिंगखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. रिक्षावाले हॉर्न देत होते, त्याचं त्यांना काही नव्हतं.

परत आले ते खुशीत हात चोळत.

"तो कोट आपला आहे," ते म्हणाले. "तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा गडद आहे. टाचणीनंच लावलं होतं."

टाचणीनं दारातून बघितलं. बटण तिचंच होतं.

"म्हणजे काय झालं?" आईनं विचारलं.

"म्हणजे ती बाईपण भाड्याची! ज्याला खरी नोकरी लागते तो स्वतःचा कोट शिवून घेतो."

"अहो, कोट भाड्याचा म्हणून आतलं माणूस भाड्याचं कसं होईल?"

पण कोटवाल्यांना आता कुणाचं ऐकायचं नव्हतं. त्यांनी अंगात दुकानातला सगळ्यात चांगला कोट चढवला आणि मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या पालकाचं सोंग घेऊन थेट कॉलेज गाठलं. आता सोंग म्हणजे तरी काय, ते पालक होतेच. पण सोंग आहे असं स्वतःशी म्हटल्याशिवाय त्यांना कुठे जायला हुरूप यायचा नाही.

कॉलेजात गार हवा आणि सुगंध होता. पायाला मऊ लागणारा गालिचा होता. कोटवाल्यांनी तो बुटाच्या टोकानं उचलून खालची फरशी बघून घेतली. प्रवेशाच्या खोलीत काचेमागे तरुण मुलंमुली ओळीनं बसून कानाला यंत्र लावून बोलत होती. सगळ्यांच्या आवाजात तीच आपुलकी. त्यातल्या एका मुलीनं वर पाहिलं आणि तिचं बोलणंच थांबलं.

"कोटवाले काका?"

होर्डिंगवरची तरुणी होती ती. कोट नसल्यानं लहान दिसत होती.

कोटवाल्यांनी तिला बाहेर जिन्यापाशी गाठून उलटतपासणी सुरू केली. तू इथे शिकलीस? शिकले. खरंच? खरंच काका, वरच्या मजल्यावर. डिग्री मिळाली? मिळाली. मग नोकरी लागली का नाही लागली?

"लागली की," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावर."

कोटवाल्यांना समजायला थोडा वेळ लागला. ती जिन्याच्या कठड्याला टेकली.

"शेवटच्या वर्षी कंपन्या आल्या. दोन-चार पोरं उचलली आणि गेल्या. उरलेल्यांना कॉलेजनंच ठेवून घेतलं, फोन करायला. म्हणून शंभर टक्के. बोर्डावर खोटं काहीच नाहीये काका. मी नोकरीत आहे. पगार येतो, कर्जाचा हप्ता जातो, मग बसच्या पासापुरतं काही तरी उरतं. त्यातून कोट काय शिवणार?"

"म्हणजे आमच्या पोरीला रोज फोन करते ती..."

"मीच असेन. मला मुलं आणून द्यावी लागतात, नाही तर ही नोकरीपण जाते." ती खाली बघत म्हणाली, "उद्याही करीन. मला करावाच लागेल. तिला सांगा, उचलू नकोस."

कोणाही भल्या माणसाला त्या पोरीकडे बघून गलबलून आलं असतं. कोटवाल्यांनाही आलं, नाही असं नाही. पण फाटकाबाहेर पडता पडता ते गलबलणं ओसरलं आणि त्याच्या जागी असा काही आनंद उसळला की घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते. आपला संशय खरा ठरण्यासारखं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळत नसे.

घरी त्यांनी सगळी हकिकत नाटकासारखी रंगवून सांगितली. वरचा मजला, खालचा मजला, हातवारे. आई डोक्याला हात लावून बसली. टाचणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला किती आनंद झालाय, बाबा."

"गाळा वाचला! सुंठीवाचून खोकला गेला, आनंद नको व्हायला?"

"गाळ्याचा नाही झालेला. मी कुठे जात नाही, त्याचा झालाय."

"काहीतरीच काय बोलतेस!" कोटवाले म्हणाले, पण शीळ बंद झाली. आईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी उठून उगाच दाराची कडी तपासली.

मग टाचणीनं दुसरी गोष्ट सांगितली. ती बरेच दिवस पोटात ठेवली होती. दुसऱ्या शहरात, मोठ्या सरकारी इस्पितळाला जोडून एक संस्था होती. कृत्रिम हातपाय बनवायला आणि बसवायला शिकवत. फी आपल्याला झेपण्यासारखी, राहायला वसतिगृह. जागा मोजक्याच, पण तिला एक मिळत होती. होकार येत्या सोमवारपर्यंत कळवायचा होता.

"मला मापाचं कळतं," ती म्हणाली. "मग ते मापच शिकते. कोटाऐवजी पायाचं."

"आणि हे आत्ता सांगतेस?" आई म्हणाली.

"आधी सांगितलं असतं तर बाबांनी त्यात खोट काढली असती. आता काढू देत. बाबा, तुम्ही तिथे जा. त्या कॉलेजात जसं बघितलंत ना, तसंच बघून या. काही वावगं दिसलं तर मी नाही जाणार."

कोटवाले दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघाले. मनातून खुशीत होते. इतकं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी असणारच. सरकारी म्हणजे मास्तर फिरकत नसतील. यंत्रांवर धूळ असेल. शिकलेली पोरं घरी बसली असतील. वाटेत त्यांनी एवढे दोष जमवले की उतरताना त्यातला कुठला आधी शोधावा असा प्रश्न पडला.

संस्था दिसायला बेंगरूळ होती. भिंतींचे पोपडे निघालेले, दारावरची पाटी वाकडी. कोटवाल्यांना बरं वाटलं. त्यांनी यंत्रावरून बोट फिरवलं, तर बोटाला ताजं तेल लागलं. मास्तरांची चौकशी केली, तर मास्तर समोरच होते आणि एका विद्यार्थिनीवर डाफरत होते. एका म्हाताऱ्याला तिनं नवा पाय बसवला होता. "चालून दाखवा, आजोबा," मास्तर म्हणाले. आजोबा चालले. कोटवाल्यांना चाल ठीक वाटली. मास्तरांना नाही वाटली. पाय काढला, आतून घासला, पुन्हा बसवला. आजोबा पुन्हा चालले. असं किती वेळा झालं कोण जाणे, पण एका फेरीला आजोबांनी भिंतीचा आधार सोडला, वळले आणि परत आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पोरगी हात पुसून पुढच्या माणसाकडे वळली.

कोटवाल्यांनी पहारेकऱ्याला खोदून विचारलं. चहाच्या टपरीवर बसून मुलांना बोलतं केलं. आधीच्या पोरांचं काय झालं? कुणी याच इस्पितळाच्या कारखान्यात, कुणी दुसऱ्या शहरात. पगार डोळे दिपतील असा नाही, पण वेळेवर. कुणाला फोनवर बसवलंय का? मुलं हसायला लागली. वसतिगृहाची मुलींची बाजू, तिथल्या मावशी, रात्रीचं कुलूप, सगळं बघून झालं. इतकं खणून एकही विंचू निघेना, तेव्हा कोटवाल्यांना घाम फुटला.

परतीच्या बसमध्ये त्यांना दुकान दिसू लागलं. टाचणी गेलेली आहे, गिऱ्हाइकं दारातून डोकावून "नंतर येतो" म्हणताहेत, आणि ते एकटे त्या टांगलेल्या कोटांमध्ये बसलेत. आयुष्यभर माणसांवर संशय घेतल्यावर बोलायला माणूस असं एकच उरलं होतं. तेही निघालं. इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुकानात पाऊल टाकताच टाचणीनं इस्त्री उभी केली.

"काय बघितलंत?"

कोटवाल्यांनी कोट काढून हँगरला लावला. पाठमोरेच म्हणाले, "काही खरं नाही तिथलं. यंत्रं धूळ खात पडलीयेत. मास्तर महिना महिना येत नाहीत. पोरं शिकून घरी बसलीयेत सगळी."

आता भांडण होणार याची त्यांनी वाटेत पुरती तयारी केली होती. उत्तरं पाठ होती. पण ती भांडली नाही.

"बरं," टाचणी म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर उतरला आणि तिनं तो सावरला. "मग सोमवारी नाही म्हणून कळवते."

आतून आई पदराला हात पुसत आली. "अहो, नीट बघितलंत ना? का चोराच्या मनात चांदणं?"

"आई, असं नको बोलूस," टाचणी म्हणाली. "मागच्या वेळी मी त्यांना नाही नाही ते बोलले, आणि त्यांचंच खरं निघालं. त्यांनी गाळा वाचवला, मला वाचवलं. बाबांनी डोळ्यांनी बघितलंय, मग मला बघायची काय गरज?"

आणि ती पुन्हा इस्त्री करू लागली. पुढे ठेवलेल्या बाहीवर, एकसारखी, जणू काही झालंच नाही.

कोटवाले उभेच राहिले. ज्या माणसानं भावाचा फोनसुद्धा वाजवून बघितला, त्याच्या नुसत्या शब्दावर ही पोरगी आपलं सगळं ठेवून मोकळी झाली होती. नंबर लावून बघितला नाही, पिशवी उलटी केली नाही. असा विश्वास आपण कुणावर टाकला नाही आणि आपल्यावर कुणी टाकेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"टाचणे," ते म्हणाले, "उद्या तू जा."

"कुठे?"

"तिथे. स्वतः बघून ये. सकाळची बस आहे."

"तुम्ही बघितलंय ना?"

"माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस."

इस्त्री थांबली. टाचणी वडिलांकडे बघत राहिली. असं निरखून तिनं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"बाबा," तिनं विचारलं, "तुम्ही खोटं बोललात?"

"हो," कोटवाले म्हणाले.