रिंगपान्याची मान

मार्चमधले सकाळचे ऊन कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सिमेंटच्या जाळीतून येई, आणि येताना कधी घाई करीत नसे. आधी ते पिवळ्या भिंतीवर चौकोनांची फिकट रांग मांडी. मग ती रांग हळूहळू खाली उतरू लागे. विजेच्या मीटरवरून, वाळत घातलेल्या टॉवेलच्या काठावरून, तुळस लावलेल्या तेलाच्या जुन्या डब्यावरून. फरशीवर पोचता पोचता चौकोन तिरके होत, एकमेकांत मिसळत, आणि शेवटी वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेल्या लोखंडी पान्यांपाशी येऊन थांबत. तेल चोळलेले लोखंड त्या उजेडात क्षणभर जिवंत वाटे; ऊन सरकले की पुन्हा काळे पडे. यात नवे असे काहीच नव्हते. तरीही त्या रविवारी अच्युतला वाटत राहिले की ऊन आज फार सावकाश चालले आहे, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

अच्युत खांडेकर सव्वीस वर्षांचा होता. माणसांपेक्षा हत्यारांशी त्याचे अधिक जमे. त्याचे वडील नीळकंठराव कारखान्याची हत्यारे घडवणाऱ्या टूलरूममध्ये कामावर देखरेख करणारे चार्जमन होते आणि महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते. घणाचे घाव घालून मोठाले बोल्ट आवळण्यासाठी टूलरूमनेच घडवलेले, हातभर लांबीचे जुने रिंगपाने अच्युत भंगारवाल्यांकडून मिळवी, आणि एकाच पान्याचे रूप वर्षागणिक कसे बदलत गेले ते वहीत नोंदवून ठेवी. पहिल्या प्रकारात कडे आणि दांडा जुळतात तिथे, मानेपाशी, घावाने तडा जाऊ नये म्हणून अंगठा बसेल एवढी गोलाई होती. दुसऱ्यात ती निम्मी झाली होती. तिसऱ्यात गोलाई मुळीच नव्हती, नुसता उघडा, तीक्ष्ण कोपरा. या तिसऱ्या प्रकारावर कारखान्याचा शिक्काही नव्हता. त्यापुढे अच्युतने लिहिले होते : ‘बाहेरचा माल. नक्कल.’

वहीत आणखी एक रकाना होता, दांड्याच्या टोकाला पाना अडकवण्यासाठी पाडलेल्या भोकाचा. शिक्क्याच्या पान्यांवर ते भोक मध्यापासून दोन मिलीमीटर डावीकडे सरकलेले असे, कारण नीळकंठरावांनी स्वतःच्या हाताने केलेला साचा तेवढा चुकला होता. तो त्यांनी कधी बदलला नाही, दुसऱ्या कुणाला वापरूही दिला नाही. “माझी सही समज ती,” असे ते हसून म्हणत. तिसऱ्या प्रकाराचे तीन पाने अच्युतकडे दोन वर्षांपासून होते. त्यांच्यापुढचा रकाना कोरा होता.

फाटकाची कडी वाजली. जवळच्याच बाग सेवनिया वस्तीतल्या शाळेत शिकवणारी कांचन सावळे आली होती. अच्युतच्या छंदाविषयी तिने पेपरात वाचले होते आणि आधी फोनही केला होता.

“बाप रे! तू तर पूर्ण म्यूझियमच खोललंयस. बस, तिकिटाची खिडकी बाकी आहे!”

“बसा ना, ताई,” अच्युत लाजून म्हणाला.

“कोण आलंय रे?” आतून नीळकंठरावांचा आवाज आला. “चहा टाकतोय मी.”

“नको हो काका, माझा उपास आहे.”

“अगं, चहाला कसला आलाय उपास!”

ती हसली. मग तिने पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी काढले, आणि हसू तिथेच संपले. तो मानेपाशी तुटलेल्या पान्याचा दांडा होता.

“माझे बाबा, शंकर सावळे. याच कारखान्यात होते. पंधरा वर्षं झाली त्यांना जाऊन. घाव बसला आणि पाना मोडून कड्याचा तुकडा त्यांच्या छातीत घुसला. चौकशीत ठरलं, की पाना त्यांनीच बाजारातून आणला होता. म्हणजे वस्तू त्यांची. म्हणून हा दांडा जेवणाच्या डब्याबरोबर घरी पाठवून दिला.” ती थांबली. “आई अजून म्हणते, माझा माणूस कारखान्यात बाहेरची सुतळीसुद्धा नेत नव्हता. तिला आता दिसत नाही, पण ऐकू येतं. चूक बाबांची होती का, एवढंच मला तिला सांगायचंय.”

“शिक्का आहे का त्यावर?”

विचारणारे नीळकंठराव कपबशी घेऊन दारात उभे होते. त्यांनी दांड्याकडे पाहिलेही नव्हते.

“तेच तर तेव्हाही विचारलं होतं, काका. टूलरूमच्याच कुणीतरी साक्ष दिली. शिक्का नाही, म्हणजे आमचा नाही.”

नीळकंठरावांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

शिक्का तपासणीनंतर बसतो, हे अच्युतला लहानपणापासून ठाऊक होते. मार्च आला, वर्षाचे टार्गेट अंगावर आले, की पाने तपासणीआधीच कामावर जात, हेही ठाऊक होते. जेवताना वडीलच गमतीने सांगत : “शिक्क्याची वाट बघत बसलो, तर मशीन एप्रिलात फिरेल!” आणि मानेची गोलाई कोरायला प्रत्येक पान्यामागे अर्धा दिवस जातो, हेही तेच सांगत. ही सारी वाक्ये त्याने मनात वेगवेगळ्या खणांत ठेवली होती, एकमेकांना दिसणार नाहीत अशी.

त्याने तुटका दांडा हातात घेतला. तडा मानेच्या त्या तीक्ष्ण कोपऱ्यातूनच सुरू झाला होता. त्याने मिलीमीटर मोजायचा व्हर्निअर उचलला.

“राहू दे, अच्युत,” नीळकंठराव म्हणाले. “गंजलेल्या लोखंडाचं माप घेत नसतात.”

मोजताना त्यांनी त्याला आजवर कधीच अडवले नव्हते. त्याने भोकाच्या दोन्ही बाजू मोजल्या. डावीकडे नऊ, उजवीकडे तेरा. दांडा उन्हाबाहेर घेऊन त्याने पुन्हा मोजले. मग वर्तमानपत्रावरचे ते तिन्ही बिनशिक्क्याचे पाने एकामागून एक मोजले. नऊ, तेरा. नऊ, तेरा. नऊ, तेरा.

“काय निघालं?” कांचनने विचारले.

नीळकंठरावांनी कपबशी कठड्यावर ठेवली. आत जायचे की नाही हे न उमगल्यासारखे ते उंबऱ्यातच उभे राहिले. अच्युतने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान वळवली.

“तुमच्या वडिलांनी काही बाहेरून आणलं नव्हतं, ताई.”

“मग हा कुणाचा?”

रकान्यात माप लिहिताना अच्युतचा हात स्थिर होता, याचेच त्याला भय वाटले.

“हा पाना माझ्या बाबांनी केला होता,” तो म्हणाला.