भिंतीपुढचा तायोबा

रिओच्या उतारावर वास्तुरचनाकार आमिल्कारने खांबांवर घर उभं केलं आणि पश्चिमेला तीस हात लांब, बिनखिडकीची पांढरी भिंत ठेवली. "ही अर्धीच झालीय," तो म्हणायचा, "उरलेली बागेनं पुरी करायची." बागेचा नकाशा काढणाऱ्या लेओकादियाबाईंनी तिथे नुसता हिरवा डाग रंगवला आणि झाड निवडायचं काम माळी जेनिव्हालवर सोपवलं. पठ्ठ्याने लावला तायोबा! अळूचा दांडगा भाऊ, गरिबाच्या परसातला. चार वाजता ऊन तिरपं झालं की पानापानाची परातीएवढी सावली भिंतीवर उतरायची.

मालकीण एउलालियाबाईंना दारात असलं रान नको होतं. गुलाबाच्या कुंड्याही येऊन पडल्या होत्या. "शनिवारी चारला बघते. नाही पटलं तर उपटायचं," त्यांनी बजावलं.

शनिवारी दुपारी मजुरांची पंगत बसली. भात, काळा घेवडा आणि परतलेली पालेभाजी. जेनिव्हालचा घास हातातच राहिला.

"फिलोबाई, हा पाला कुठला?"

"भिंतीपाशी माजला होता की!" स्वयंपाकीण फिलोमेना ऐटीत म्हणाली. "म्हटलं, फुकट कशाला घालवा."

तो धावत गेला. नुसते बुडखे उरले होते.

"अगं बये, ती बाग होती!"

"तायोब्याची बाग? मग वर टेकडीवर आमच्या मागच्या दारी काय राजवाडा आहे?"

जेनिव्हालला शिवी हासडायची होती, पण ती ओठातच थांबली. "किती आहे गं तुझ्या मागच्या दारी?"

तासाभरात टेकडीवरची अख्खी वस्ती खाली उतरली. कुणी घमेल्यात, कुणी डोक्यावर, मातीच्या गड्ड्यासकट तायोबा घेऊन आलं. सगळ्यात मोठा गड्डा फिलोमेनाचा होता आणि भिंतीपाशी पहिला तोच रोवला गेला.

चारला मालकीणबाई आल्या, सोबत नकाशा घेऊन लेओकादियाबाई. ऊन भिंतीवर आलं आणि पानं उमटली, तीस हात सलग. वारा आला तशी सगळी भिंत हलली. मालकीणबाई भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग त्यांनी गुलाब मागच्या अंगणात न्यायला सांगितले.

"कुठल्या रोपवाटिकेतून आणलंत?"

 आयुष्यभर जेनिव्हालने दुसऱ्यांचे गुलाब छाटले होते.

"टेकडीवरून, बाईसाहेब. आमच्या परसातून."

लेओकादियाबाईंनी नकाशा उलगडला. हिरव्या डागाशेजारी झाडाच्या नावाची जागा कोरी होती. त्यांनी पेन्सिल जेनिव्हालच्या हातात दिली आणि चिखलाच्या बोटांनी त्याने ठसठशीत लिहिलं: तायोबा.