नियम वेगळ्या पुस्तकात

मी बोलतोय, म्हैसूरच्या अन्विताच्या टेबलावरून. मी खेळाचं पुस्तक. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या सागरी मालिकेवरून मला काढलंय, तेही रीतसर परवानगी घेऊन! एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी खलाशी व्हायचं आणि फासे टाकत पुढे जायचं, असा आमचा खेळ. दिसायला मी देखणा, पण खरं सांगू? मी अर्धाच आहे.

अन्विताच्या तेराव्या वाढदिवसाला तिच्या अप्पांनी, विश्वेशरावांनी, मेटगळ्ळीच्या कारखान्यातून कामावरून घरी येताना मला आणलं. यंदा तिची शाळा बदललेली. नव्या वर्गात डबासुद्धा एकटीच खायची. मी आलो आणि पोरीला धीर आला. तिने वर्गातल्या पूजिता आणि सहनाला रविवारी घरी बोलावलं. नियम त्यांच्याबरोबरच वाचायचे म्हणून आठवडाभर नुसती माझी चित्रं बघत बसली.

रविवारी दोघी आल्या. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं, मूळ नियमपुस्तक वेगळं विकत घ्यावं.

"अय्यो अप्पा, ह्यात नियमच नाहीत!"

"वेगळं? वॉशिंग मशीनचं स्टँड आहे का हे?" अप्पा भडकले.

"मत्ते आडोदु हेगे?" मग खेळायचं कसं, पूजिताने विचारलं. माझ्यात जहाजांची नावं होती, कप्तानांच्या वंशावळी होत्या, फासा कधी टाकायचा तेवढं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुरमुरी संपवून दोघी अर्ध्या तासात निघाल्या.

एकच नियमपुस्तक दहा खेळांना चालतं, मग तेच पुन्हापुन्हा कशाला छापायचं, असं मला काढणारे म्हणतात. ज्याच्या घरी ते आहे त्याला ठीक आहे हो! पण पहिल्यांदा खेळणारीसाठी वीस पानं घातली असती तर काय बिघडलं असतं? दोन नकाशे कमी द्यायचे.

नियमपुस्तक दीड महिन्याने आलं. जाडजूड, पण स्वभावाने बरं. अन्विताने लगेच पूजिताला फोन केला.

"रविवारी डान्स क्लास असतो. नोडोण," पूजिता म्हणाली. नोडोण म्हणजे बघू. सहनाने फोन उचललाच नाही.

आता दर रविवारी अन्विता एकटीच खेळते. आपला फासा टाकते, मग खुर्ची बदलून कन्नडमध्ये बोलत पूजिताचा टाकते. ऐकवत नाही मला. परवा पूजिताचा खलाशी नियमाप्रमाणे बुडायलाच हवा होता. अन्विताने दाराकडे पाहिलं आणि हळूच फासा पुन्हा टाकला. नियमपुस्तकाने पाहिलं, पण तेही गप्प बसलं.

पूजिता, एखाद्या रविवारी ये गं.