बुडवलेला डोंगा

वादळ यायच्या दिवशी आमच्या टापूवर सगळ्यात जास्त काळजी घेतली गेली ती डोंग्यांची, म्हणजे आमच्या लाकडी होड्यांची. त्यांच्या खालोखाल माशांची. माणसांचा नंबर कितवा होता ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारायचं सोडलेलंही नाही.

आमचा टापू म्हणजे तलावातला एक उंचवटा. पूर्वी तो काठच होता. मग तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, वाढवली, पाणी मागे पसरलं आणि आम्हा ढिवरांची तीन घरं मधोमध अडकली. उन्हाळ्यात चिखल तुडवत पायी जाता येतं, पण पाऊस लागला की होळीपर्यंत डोंग्याशिवाय हलायचं नाव नको. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा बाकीची दोन घरं कुलूप लावून पाहुणपणाला जातात. त्या दिवशीही ती गेलेली होती. टापूवर आम्ही चौघंच: माझा सासरा आसाराम, सासू सखाबाई, माझी पोरगी डिंपल आणि मी, रंजू. नवरा धनराज मासेमार सोसायटीचा अध्यक्ष. तो सकाळीच सोसायटीच्या डोंग्यातून सलंगावर गेला होता.

तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं तो सलंग. पाण्याबरोबर तिथून मासाही निघून जातो. म्हणून आमची माणसं सलंगावर बांबूच्या तट्ट्या उभ्या करतात आणि त्यांना मागून नायलॉनची जाळी बांधतात. पाणी जातं, मासा राहतो. साधा पाऊस असला तर त्यात काही बिघडत नाही. मोठा पाऊस आला की वाहून आलेली बेशरमाची झुडपं, गवत, पेंढा सगळं त्या तट्ट्यांना जाऊन चिकटतं आणि सलंगाची भिंत होते. हे सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पाणी सोडायची दुसरी वाट म्हणजे पाळीतलं तुडूम. ते एकोडी गावाकडच्या शेतकऱ्यांनी घट्ट बंद करून ठेवलं होतं, कारण खालच्या बांध्यांमध्ये कापलेलं धान पसरलेलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्यांना धान वाचवायचं, सोसायटीला मासा वाचवायचा, दोघांनी दोन्हीकडून पाणी कोंडलं, आणि त्या पाण्याच्या मध्ये आम्ही.

वादळाच्या बातम्या मोबाईलवर येतच होत्या. बंगालच्या उपसागरातून उठलं, आंध्रात घुसलं, आता जमिनीवरून आपल्याकडे निघालं. समुद्र कुठे आणि साकोली तालुका कुठे, असं म्हणून लोक आधी हसले. मग सकाळी तलाठ्याचा फोन आला, टापूवरच्यांनी दुपारच्या आत सानगडीच्या शाळेत यावं. मी लगेच आवराआवर केली. कपडे, तांदूळ, डिंपलचं दप्तर, सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि बाहेर आले, तर सासऱ्याने आमचे दोन्ही डोंगे बुडवलेले!

मोठा वारा येणार असला की ढिवर डोंगा बुडवतो. गुडघाभर पाण्यात न्यायचा, आत दगड भरायचे आणि तळाशी बसवायचा. काठावरचा डोंगा वारा उचलतो आणि आपटून फोडतो. पाण्याखालचा डोंगा वाऱ्याला सापडत नाही, आणि लाकूडही तडकत नाही. रीत चांगली आहे. फक्त त्या डोंग्यातून माणसांना जायचं असेल तर काय, एवढाच एक बारीकसा प्रश्न राहतो.

"मामाजी, हे काय केलं? आपल्याले जायचं हाये ना!"

"कुठं जायचं?" तो ओले हात धोतराला पुसत होता. "वारा येऊन राहिला. वाऱ्यात डोंगा पाण्याखाली अन् माणूस घरात. माह्या बापानं हेच केलं, मी बी हेच करतो."

"अन् घर उडलं त?"

"घर पुन्हा बांधता येते. असा मोहाच्या बुंध्याचा डोंगा आता कोण देते?"

मी धनराजला फोन लावला. "अजी, तुमच्या बाबानं डोंगे बुडवले. सोसायटीचा डोंगा पाठवा, आमाले जायचं हाये."

"आता कसा पाठवू? तट्ट्या पक्क्या करून राहिलो. बाबाले समजते सारं. तू उगाच कल्ला नोको करू."

कल्ला. माझं माहेर तुमसरचं. बाप राईस मिलमध्ये कामाला होता आणि घर मिलच्या भिंतीला लागून. त्या घरघराटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. तो आवाज घेऊनच मी या टापूवर नांदायला आले. रंजूच्या तोंडात भोंगा हाये, असं सासू अजून पाहुण्यांना सांगते. आता भोंगा म्हटलं की लोकांना फक्त आवाज ऐकू येतो, कोणी शब्द ऐकत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी काय सांगते ते या घरात कोणी मनावर घेतलेलं मला आठवत नाही.

दुपार झाली. वारा नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. सासरा दारात बाज टाकून मोहाच्या शेंड्याकडे बघत बसला होता, शेंडा हलला की वारा आला. मग पाऊस लागला. सरळ, जाड, न थांबणारा. तरी म्हाताऱ्याची नजर शेंड्यावरच. मी मात्र काठावरच्या त्या दगडाकडे बघत होते, ज्यावर मी रोज भांडी घासते. आधी दगडाला पाणी लागलं. मग अर्धा दगड दिसेना. मग दगडच दिसेना.

"मामाजी, पाणी चढून राहिलं."

"पावसाचं हाये. सलंगावरून निघून जाईन."

"सलंगावर तुमच्याच पोरानं तट्ट्या लावल्या ना!"

मी पुन्हा फोन लावला. पलीकडे पावसाचा आणि माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"अजी, पाणी अंगणात आलं. तट्ट्या सोडा."

"सारा मासा जाईन, रंजू. वर्षभर काय खायचं?"

"आमाले बुडवून मंग जे खायचं ते खा."

"तू समजूनच नाई घेत. एकदा वारा येऊन गेला का सोडतो. थोडी वाट पाह्य."

आणि फोन कटला. परत लावला तर लागेना. बापही वाऱ्याची वाट बघतोय, पोरगाही वाऱ्याची वाट बघतोय. पाणी पायाला लागलं तरी यांची मान वर ती वरच! मला इतका संताप आला की हातातला फोन तलावात भिरकावून द्यावासा वाटला.

तेवढ्यात घरातून डिंपलची हाक आली. "आई, चुलीत पाणी आलं वं."

आत जाऊन बघितलं. चूल विझली होती, आणि सकाळची राख पाण्यावर तरंगत घरभर फिरत होती. डिंपल पाटावर उभी होती आणि पाटालाही पाणी लागत होतं. तिला उचलून मी माळ्यावर चढवलं आणि बाहेर आले. सासऱ्यापुढे मी कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. त्या दिवशी पदर कमरेला खोचला.

"उठा!" मी ओरडले. "उठा अन् डोंगा काढा! चुलीत पाणी शिरलं तुमच्या. नात माळ्यावर बसली हाये. काय पाह्यता त्या झाडाकडं? तिथून कोण येऊन राहिलं तुमाले वाचवाले?"

तो नुसता बघत राहिला. उठली ती सासू. आयुष्यभर या बाईने नवऱ्यापुढे हूं का चूं केलं नव्हतं. तिने लुगड्याचा काचा मारला, पाण्याकडे निघाली आणि मागे न बघता म्हणाली, "तुमी बसा वाऱ्याची वाट पाह्यत. आमी जातो."

सकाळी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आता माझ्या गळ्याशी आलं होतं. पायाला डोंग्याची कड लागत होती. आम्ही दोघींनी ओढलं, हलवलं, डोंगा जागचा हलेना. मग मागून आवाज आला, "हटा. आधी दगडं काढा लागते." सासरा पाण्यात उतरला होता. तो बुडी मारायचा, एक दगड काढायचा, वर येऊन खोकायचा, पुन्हा बुडी मारायचा. दर वेळी वर यायला त्याला जास्त वेळ लागत होता. शेवटी तो माझा खांदा धरून उभा राहिला. ओठ काळेनिळे पडले होते.

"नाई निघत," तो म्हणाला. "चिखलात बसला. मी चांगला दाबून बसवला होता."

दगड नीटच भरले होते म्हाताऱ्याने. कामात तो कधी कसूर करत नाही.

भिंतीला ट्रकची फुगवलेली ट्यूब टांगलेली होती. जाळं टाकायला धनराज तीच घेऊन जातो. ती एकाच माणसाला पेलते. मी ती काढली आणि विळा कमरेला खोचला.

"मी जातो," सासरा म्हणाला.

"तुमाले धड उभं राह्यता येत नाई. तुमी नातीपाशी बसा. तुमचं ऐकून झालं माझं." मी डिंपलकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर निघता आलं नसतं.

ट्यूबवर पोट टाकून हातांनी पाणी मारत मी सलंगाकडे निघाले. वारा असता तर ट्यूब मला कुठल्या कुठे घेऊन गेली असती. ज्या वाऱ्याच्या भीतीने हे सगळं झालं तो आला नाही म्हणून मी पोचू शकले, हे आठवलं की आजही हसू येतं आणि डोकंही फिरतं.

सलंगावर ताडपत्रीखाली सोसायटीची सहा-सात माणसं आकाशाकडे बघत उभी होती. तट्ट्यांना गवत-पेंढ्याचा छातीएवढा थर चिकटला होता आणि पलीकडे पाण्याची नुसती पातळ धार पडत होती. मी चढले आणि पहिल्या दोरीला विळा लावला.

"वहिनी! कायले आल्या तुमी इथं?" सोसायटीचा सचिव परसराम धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. "सारा मासा जाईन ना!"

"हात सोड, परसरामभाऊ. नाई त विळा दोरीवर चालन का हातावर, मले नाई सांगता येत."

त्याने हात सोडला. धनराज पुढे आला. "रंजू, थांब जरा. डिंपल कुठं हाये?"

"आता विचारता? डिंपल माळ्यावर हाये. खाली पाणी हाये. डोंगे बुडलेले हायेत, तुमच्या बाबाच्यानं निघत नाईत. आता तुमीच सांगा, पह्यले काय सोडू? जाळी का पोरगी?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा वेळ त्याच्या डोळ्यांसमोर फक्त मासा होता. तो मुद्दाम वाईट वागला नाही हे मला कळतं, पण ते कळून माझा राग काडीनेही कमी होत नाही. त्याने हात पुढे केला. "आण तो विळा. मी तोडतो."

मी दिला नाही. "तुमी डोंगा घ्या अन् पोरीले आणा," म्हटलं. "दोऱ्या मी तोडीन."

तो पळाला. मी एकेक दोरी कापत गेले. तिसरी दोरी तुटली तशी मधली तट्टी कलली, मग सगळ्याच तट्ट्या मोडून आडव्या झाल्या आणि कोंडलेलं पाणी गडगडत खाली गेलं. त्याच्याबरोबर मासा. चांदीसारखा पांढरा, उड्या मारत, रोहू, कटला, सगळा. तीही आमचीच मेहनत होती, माझीही होती. मी रडले. पण हात थांबवला नाही.

दिवस मावळायच्या आत धनराज तिघांना घेऊन पाळीवर आला. डिंपल कुडकुडत होती. तिने विचारलं, "आई, वादळ कधी येते?"

वादळ आलंच नाही. छत्तीसगडातच त्याचा जोर सरला म्हणे. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि पाळीवरच्या चिंचेखाली सोसायटीची बैठक बसली.

"वारा त आलाच नाई," परसराम सुरुवातीलाच म्हणाला. "अन् वहिनीनं साऱ्याईचा मासा सोडून देल्ला." माना डोलल्या. मग कोणीतरी म्हणालं की पाणी उतरल्यावर आसारामबुवाचे दोन्ही डोंगे जसेच्या तसे निघाले, ओरखडा नाही. त्यावर सगळे खूश झाले. जुन्या माणसाचं काम ते जुन्या माणसाचं, असं कौतुकही झालं. अध्यक्ष धनराज मांडी घालून जमिनीकडे बघत होता.

मी उठले. "भोंगा वाजून राहिला, ऐका आता," म्हटलं. "पुढच्या पावसात तट्ट्या बांधायच्या हायेत ना? बांधा. मी स्वतः दोरी ओढायले येतो. फक्त त्या दिवशी तुमची पोरं टापूवर आमच्या माळ्यावर बसवा. परसरामभाऊ, पह्यले तुमची दोघं. मंग किती दोऱ्या बांधायच्या त्या बांधा."

परसरामने तोंड फिरवलं. धनराज अजून जमिनीकडेच बघत होता.

संध्याकाळी टापूवर परतलो तेव्हा सासरा काठावर डोंगा धूत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "हा एक डोंगा आजपासून माझ्या दारात बांधलेला राहीन. मले विचारल्याशिवाय जो कोणी हा बुडवन, त्याले मी त्याच पाण्यात बुडवीन. मंग तो कोणी बी असो."

म्हाताऱ्याने दोरी मुकाट्याने माझ्या हातात दिली. मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही, आणि धनराजशी कामापुरतंच बोलते. डोंगा दारात आहे. रोज झोपण्याआधी डिंपल बाहेर जाऊन त्याची गाठ ओढून बघते.